मोहळाईच्या कड्यावरची ठमाई

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते मला विचारू नका, कारण मोजणारं कुणी उरलेलं नाही. उंबरकड्याच्या खालच्या झाडीत तेव्हा दिवसाढवळ्या वाघ पाणी प्यायला यायचा आणि बारा गावांत मिळून एकच गुरव होता, इतक्या वर्षांपूर्वी. त्या काळी कड्याच्या पायथ्याला एक बाई राहायची. तिचं नाव ठमा. आज आपण तिला ठमाई म्हणतो, तिच्या नावानं कपाळाला माती लावतो, पण तेव्हा ती साधी दोर वळणारी बाई होती. तिची गोष्ट सांगतो. नीट सावरून बसा, कारण मध्येच कुणी उठलं तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, ही माझी खोड सगळ्यांना ठाऊक आहे.

आधी जागा समजून घ्या. उंबरकडा म्हणजे सरळ उभा काळा पत्थर. त्याच्या पोटात, जमिनीपासून तीस पुरुष, म्हणजे तीस माणसं एकावर एक उभी राहतील इतक्या उंचीवर एक गुहा आहे. कुणी चाळीस पुरुष सांगतं, पण ते कड्याखाली उभं राहून मान वर केलेल्याचं मोजमाप असतं, ते सोडून द्या. त्या गुहेत मोहळाई बसली आहे. मूर्ती नाही, नाकडोळे नाहीत, शेंदूर लावलेला वाटोळा तांदळा आहे. आणि गुहेच्या कपाळावर, अगदी तोंडाशी, आग्यामाश्यांची मोहोळं लोंबतात. सुपाएवढी, काही तर माणूसभर लांबीची. मोजून बारा. बारा गावांची बारा मोहोळं, असं म्हणतात.

चैत्री पुनवेला देवीची यात्रा भरते. वर जायला वाट नाही. कड्यात पाय रोवण्यापुरत्या खोबण्या खोदलेल्या आहेत आणि हाताला धरायला वरून सोडलेला दोर असतो. दोर दर वर्षी नवा. एका हाताची पाची बोटं दोरावर, दुसऱ्या हाताची खोबणीत, आणि तोंडात देवीचं नाव, तेही मनातल्या मनात. कारण कड्यावर ओरडायचं नाही. ढोल नाही, ताशा नाही, गुलाल नाही, वासाची फुलं नाहीत. आणि सगळ्यांत मोठा नेम हा की विस्तव वर न्यायचा नाही. चिलीमसुद्धा खालीच विझवायची. देवीपुढचा दिवा तेवढा वर गेल्यावर, गुहेच्या पोटात चकमकीनं लावायचा, त्याचा धूर बाहेर येत नाही. धुरानं आग्यामाशी पिसाळते. मोकळ्या रानात माशी उठली तर माणूस पळेल, पाण्यात उडी घेईल. कड्यावर लटकलेला माणूस कुठं पळणार?

हा दोर ठमा वळायची. तिचा नवरा मध काढणारा होता, काळू त्याचं नाव. एका साली दुसऱ्या कुणी वळलेल्या दोरावरून तो मोहोळ उतरवायला लोंबकळला, आणि दोर तुटला. ठमाची मुलगी हौसा तेव्हा मांडीवर होती. ठमानं काळूला माती दिली, तुटलेल्या दोराचं टोक घरी आणलं, उकललं, आणि पाहिलं तर आतला वाख, म्हणजे अंबाडीचा धागा, अर्धा कुजका. त्या दिवसापासून देवीचा दोर दुसऱ्या कुणाला वळू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं. कुणी नाही म्हटलं नाही, कारण ते काम कुणाला नकोच होतं.

अंबाडी ती स्वतः पेरायची, स्वतः उपटायची. ओढ्यात भिजत घालून कुजवायची, सोलायची, धुवायची, आणि मग तो पांढरा वाख उन्हात वाळवून एकेक धागा बोटांतून ओढून पाहायची. जरा शंका आली की बाजूला. तीन पदरी दोर. पीळ देताना ती बोलायची नाही. आणि तिचा एक नेम होता. जो दोर वळतो त्यानं त्याच्यावर आधी चढायचं. पुनवेला उजाडताच ती तो जड दोर खांद्यावर घेऊन एकटी, नुसत्या खोबण्यांतून, कशालाही न धरता वर जायची. पन्नाशी उलटली तरी जायची! वर गुहेसमोरच्या ओट्यावर दगडाचा एक सुळका आहे, त्याला दोर बांधायची, खाली सोडायची, त्याच्यावरून एकदा खाली येऊन पुन्हा वर जायची, आणि मगच हात हलवून खाली खूण करायची. मग यात्रा चढायला लागायची. ती मात्र दिवसभर त्या सुळक्यापाशी बसून असायची, हात दोरावर ठेवून. दोराला हात लावला की खाली किती माणसं आहेत, कोण घाबरलं आहे, कुणाचा पाय घसरला, हे तिला कळायचं, असं म्हणतात.

आता या सगळ्यात भांडण कुठून आलं? आलं ते मानावरून. बारा गावांत आमचं वाघोळं आणि पलीकडचं सादडं, या दोघांचं पिढ्यान्‌पिढ्या एकच रडगाणं. देवीपुढं पहिला दिवा कुणाचा? ज्याचा पहिला दिवा त्याचा वर्षभर मान. प्रसादाची पहिली वाटी त्याला, न्यायनिवाड्याला पहिली बैठक त्याची. एका साली वाघोळ्याचा पाय वर आधी, एका साली सादड्याचा, आणि मग खाली आल्यावर ‘आमचाच दिवा आधी’ म्हणून डोकी फुटायची. गुहेतला दिवा खालून कुणाला दिसतो? कुणालाच नाही. म्हणून दोघंही खोटं बोलायला मोकळे.

एकदा ठमा हसून म्हणाली होती, “भांडताय कशापायी रं? पयली तर दर वर्साला मीच आस्ती की वर.” लोक हसले. तिचं वर जाणं कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

त्या साली वाघोळ्याचे पाटील होते सुभानजी. माणूस धिप्पाड, दिलदार, पण मानाचं नाव काढलं की डोक्यात वारं शिरायचं. त्यांचं पागोटं बारा गावांत मोठं. ते बांधायला दोन माणसं लागायची असं म्हणतात, आणि हे मी खरं मानतो. सुभानजींनी विचार केला, दिवा खालून दिसत नाही, पण धूर दिसतो. गुहेच्या तोंडाशी धुपाटणं पेटवलं की पांढऱ्या धुराची रेघ बारा गावं बघतील. मग सादड्याचं तोंड कायमचं बंद!

गुरवाच्या कानावर ही कुजबुज गेली. तो बिचारा धावत आला. “पाटील, देवीला धूर चालत न्हाई. आजापंजापासूनचा नेम हाये.”

“धूप चालत न्हाई आसा देव कुटं आस्तो का?” पाटील म्हणाले. “तुमी आपलं नारळ फोडा.”

वाघोळ्याचे पाच जण तीन दिवस आधीच कड्याखाली येऊन बसले, पहिला नंबर लागावा म्हणून. सुभानजी आणि त्यांचे चार भाऊबंद. घोंगडीखाली पितळी धुपाटणं, त्यात गोवरीचा निखारा राखेत दाबलेला, वर पळसाचं पान झाकलेलं.

आणि त्याच यात्रेला ठमाची मुलगी हौसा आली होती. हौसाची दोन मुलं जगली नव्हती. एक पाळण्यात गेलं, एक पाळण्यापर्यंतही आलं नाही. तिसरी झाली तानी. ठमानं देवीला साकडं घातलं होतं, “ही पोर वर्साची होऊ दे, तिला तुज्या पायाव घालीन.” तानीला वर्ष भरलं होतं. दोन दात आले होते. हौसानं तिला झोळीत घालून पाठीला घट्ट बांधलं होतं. सगळ्या यात्रेत त्या दिवशी ठमाइतकं खुशीत कुणी नव्हतं. नातीला घेऊन लेक तिच्या दोरावरून देवीकडं येणार होती!

उजाडलं. ठमा चढली. दोर बांधला, उतरली, पुन्हा चढली, हात हलवला. सुभानजी आणि त्यांचे चार जण लागलीच वर गेले. त्यांच्या मागं दोरकरणीची लेक म्हणून लोकांनी हौसाला पुढं सोडलं. तिच्या मागं एकेक करत माणसं दोराला लागली. म्हातारी, तरणी, डोक्याला ओटीचं गाठोडं बांधलेल्या बाया. चाळीस माणसं त्या वेळी कड्यावर होती. चाळीस! खालून पाहणाऱ्याला कड्यावर मुंग्यांची रांग दिसत होती.

पाटील ओट्यावर आले तेव्हा ठमानं विचारलं, “घोंगडीखाली काय हाये, पाटील?”

“देवीचा नारळ,” पाटील म्हणाले आणि पाठ फिरवून गुहेच्या तोंडाशी गेले.

ठमाचं लक्ष दोरावर होतं. तिचा हात सांगत होता, हौसा निम्म्याच्या वर आली, आता दोन हिस्से चढली, आता दहा पुरुष उरली. ठमा वाकून बघत होती. झोळीतून तानीचं डोकं दिसत होतं. आजीनं नातीकडं बघून हात हलवला, आणि तेवढ्यात तिच्या नाकाला वास आला. उदाचा.

ती गर्रकन वळली. धुपाटण्यातून धूर उठला होता, सरळ वर, मोहोळांच्या अंगावर. वर अंधार हलला. बारा मोहोळांवरची काळी चादर एकदम सुटली आणि गुहेचं तोंड आवाजानं भरून गेलं.

कड्याच्या पायथ्याशी सपाट दगडाची बसण आहे, तिथं उभे असलेले लोक सांगायचे की सूर्यासमोर ढग आल्यासारखी सावली पडली. पाटलांच्या तोंडावर, हातांवर, पागोट्यावर माश्या बसल्या. ते ओरडले, हातातलं धुपाटणं भिरकावलं, आणि पाचही जण गुहेत पालथे पडले. धुपाटणं घरंगळत सुळक्याशी गेलं. निखारे सांडले. कुठं सांडले? दोराच्या गाठीवर!

वाख म्हणजे वाळलेली काडीच. पहिला पदर भुर्रकन पेटला. ठमानं अनवाणी पायांनी निखारे तुडवले, ओंजळीनं गाठ दाबली, जाळ विझवला. पण एक पदर तुटला होता. तीन पदरी दोराचे दोन पदर, त्यावर चाळीस माणसं, आणि माश्यांचा लोट आता ओट्यावरून खाली, दोराकडं वळत होता.

ठमा ओट्याच्या कडेला उभी राहून ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती कड्यावर ओरडली. “कुनी हालू नगा! कपाळ दगडाला लावा! तोंड मिटा! दोर सोडू नगा, दोर माजा हाये!”

आणि काय सांगू, चाळीस माणसं थिजली. कपाळं दगडाला टेकली. ज्यांच्या खांद्यावर घोंगड्या होत्या त्यांनी दातांनी त्या डोक्यावर ओढल्या. पण हौसाची झोळी पाठीला होती. पाठ उघडी, पोर उघडी. दोन्ही हात गुंतलेले. आईला पोर दिसत नव्हती, हाताला लागत नव्हती. तिला फक्त पाठीवरचं वजन कळत होतं, आणि कानाजवळ येणारा तो आवाज.

“आये!” हौसा एवढंच म्हणाली.

ठमानं वर बघितलं. काळू मध काढायचा तेव्हा ती खाली उभी राहून सगळं बघायची. माशी आपल्या मोहोळामागं जाते, हे त्यानं तिला शिकवलं होतं. कमरेचा विळा तिनं काढला. गुहेच्या कपाळावर, जिथं चढायला बोटभर आधार नाही, तिथं ती चढली. कशी चढली? मला कुणी आजवर सांगू शकलेलं नाही. मी स्वतः त्या जागेकडं दर वर्षी बघतो आणि माझी मान दुखते. मधलं सगळ्यांत मोठं मोहोळ तिनं विळ्यानं मुळापासून कापलं आणि उराशी धरलं, आपल्या तान्ह्याला धरावं तसं. मध तिच्या अंगावरून, लुगड्यावरून ओघळला. माश्या तिच्यावर अशा बसल्या की लुगड्याचा रंग दिसेना.

आणि ती त्यांच्याशी बोलली. गुहेत पालथ्या पडलेल्या पाच जणांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. ती म्हणाली, “या गं बायांनो. या. माज्यासंगट या. त्या लेकरांचा काय गुना न्हाई.”

मग ती चालायला लागली. पळाली नाही, चालली. गुहेत शिरली. मोहळाईपुढं क्षणभर थांबली, वाकली. देवीच्या मागं एक कपार आहे, माणूस आडवा होऊनच शिरेल इतकी अरुंद. ती कुठं जाते ते आजवर कुणाला कळलेलं नाही. ठमा त्या कपारीत शिरली, आणि तिच्या मागं माश्या. कड्यावरच्या, ओट्यावरच्या, माणसांच्या अंगावरच्या, हौसाच्या खांद्यावर बसलेल्यासुद्धा. जात्याच्या तोंडात दाणे जावेत तशी ती सगळी काळी रास त्या कपारीत गेली. शेवटची माशी आत गेली आणि कड्यावर एकदम शांतता झाली. इतकी की खालच्या ओढ्याचं पाणी वर ऐकू आलं.

झोळीतली तानी तेव्हा हसली, असं म्हणतात. तिच्या अंगावर एक डंख नव्हता.

आता दोर! दोन पदरांवर चाळीस माणसं. हौसा वरच्या बाजूला होती, ती वर आली. बाकीची एकोणचाळीस एकेक करत खाली उतरायला लागली. घाई कुणी केली नाही. कुणी कुणाला ढकललं नाही. दोर करकरत होता आणि लोक जीव मुठीत धरून उतरत होते. शेवटी सादड्याची एक म्हातारी उरली. तिचे दोन्ही पाय बसणीवर टेकले, तिनं हात सोडला, आणि त्या क्षणी वरची गाठ सुटावी तसे उरलेले दोन पदर तुटले. सगळा दोर सळसळत खाली येऊन पडला. म्हातारीचा पाय टेकेपर्यंत तो दोर कशानं धरून ठेवला होता, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

वर हौसा कपारीपाशी गेली. “आये! ए आये!” हाक मारून मारून तिचा घसा बसला. आतून उत्तर आलं ते एवढंच, खोल कुठून तरी, घुमणारं, हूं... हूं... गोष्ट ऐकणारं माणूस हुंकार देतं ना, तसं. हौसा आत शिरायला निघाली, पण पाठीवरची झोळी कपारीत अडकली. पोर घेऊन आत जाता येत नव्हतं आणि पोर सोडून जाता येत नव्हतं. ती तिथं बसली आणि कपाळ दगडाला लावून पोटभर रडली. मला ही जागा सांगताना दर वेळी भरून येतं. लपवत नाही.

मग ती उठली. ठमाची लेक होती ती. तोंडं सुजलेले, डोळे मिटलेले ते पाच पुरुष कोपऱ्यात बसले होते. वर सहा मोठी माणसं, एक वर्षाची पोर, खाली जायला दोर नाही. दोर खाली पडलेला. खालच्या माणसाला तो घेऊन नुसत्या खोबण्यांतून वर चढता येईना. तसं चढणारी एकच होती, आणि ती कपारीत गेली होती.

हौसा सुभानजींपुढं उभी राहिली. “पाटील, पागोटं सोडा.”

कुणाला वाटेल, त्यात काय मोठं? अहो, त्या काळात पाटलाच्या पागोट्याला हात लावणं म्हणजे गळ्याला हात लावणं. आणि एका दोर वळणारणीच्या लेकीनं तोंडावर सांगायचं? सुभानजींनी सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून तिच्याकडं बघितलं. तिच्या पाठीवरच्या पोरीकडं बघितलं. मग कपारीकडं.

“पोरी,” ते म्हणाले, “मान मान करून मी तुजी आय घालवली.” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पागोटं उतरवलं. उकलत गेले, उकलत गेले, ओट्यावर पांढऱ्या कापडाचा ढीग पडला. मग बाकीच्या चौघांनी आपापली मुंडाशी सोडली. वाघोळ्याचा सगळा मान त्या दिवशी जमिनीवर पडला होता.

हौसानं कापडाला कापड जोडलं. आईसारखीच. प्रत्येक गाठ बांधली की पायाखाली घेऊन अंगाच्या वजनानं ओढून पाहिली. एका टोकाला दगड बांधून ते कापड कड्यावरून सोडलं. खाली, खाली, खाली... आणि थांबलं. तीन पुरुष कमी पडलं!

हौसानं झोळी सोडली, तानीला सुभानजींच्या हातात दिलं आणि झोळी जोडली. तरी दोन पुरुष कमी.

तेव्हा खाली काय झालं, ऐका. खाली सादड्याचे लोक होते. ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या डोकी फोडायची ते. त्यांनी लोंबणारं पागोटं ओळखलं. बारा गावांत ते एकच तेवढं लांब. कुणी थट्टेचा एक शब्द काढला नाही. सादड्याचा पाटील धाकटा, पोरगेलासा होता, केरबा नाव. तो कड्याला हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, “चढा माज्या खांद्याव.” त्याच्या खांद्यावर एक चढला, त्याच्यावर तिसरा. तिसऱ्यानं हात वर केला, टाचा उंचावल्या, आणि त्याच्या बोटांना कापड लागलं! खाली दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडला. ठमाचा दोर त्यानं सुभानजींच्या पागोट्याला बांधला.

वर पाच जणांनी मिळून ओढला. हौसानं जळकं टोक आईच्या हातून ओट्यावर पडलेल्या विळ्यानं कापून टाकलं आणि सुळक्याला गाठ मारली. पुरुष उतरायला लागले. सुभानजींनी विचारलं, “तू आदी न्हाई का उतरत, पोरी?”

“दोरकरीन शेवटी उतरती,” हौसा म्हणाली.

सगळे उतरल्यावर तिनं तानीला देवीच्या पायावर घातलं. आईनं बोललेला नवस होता, तो राहून कसा चालेल? मग पोर पाठीला बांधून, कपारीकडं तोंड करून ती म्हणाली, “आये, जाती गं.” आतून हुंकार आला. दिवस कलायच्या आत ती खाली होती.

त्या साली देवीपुढं दिवा कुणाचाच लागला नाही.

ठमाचं पुढं काय झालं? कुणी म्हणतं कपार डोंगराच्या पलीकडं झऱ्यापाशी निघते, आणि पावसाळ्यात त्या झऱ्यात लुगड्याची चिंधी सापडली होती. कुणी म्हणतं ती मोहळाईतच मिसळली. गुरवाचं घर सांगतं की पुढच्या चैत्रात गुहेच्या कपाळावर मोहोळं मोजली तर तेरा भरली. तेरावं ठमाचं, असं म्हणतात. आजही तेराच आहेत. कड्याखाली उभं राहून मोजा, मान दुखेल, पण तेरा भरतील.

आता यात्रेचं सांगतो. पायथ्याच्या वस्तीला आता दोरवाडी म्हणतात आणि देवीचा दोर आजही तिथंच वळला जातो. तानी मोठी झाली, दोर वळायला लागली, तिच्या लेकी, नाती, पणत्या, सगळ्या दोरकरणी. लोखंडी साखळ्या लावू म्हणून मध्यंतरी कुणी आलं होतं. बारा गावांनी चहा पाजून परत पाठवलं. अंबाडी पेरायचा मान सादड्याचा, वाख धुवायचा आणि पीळ धरायचा मान वाघोळ्याचा. पुनवेला उजाडता दोरकरीण दोर घेऊन चढते, आणि देवीच्या पायाशी सगळ्यांत आधी लागतो तो दोर. पहिला दिवा कुणाचा, हा प्रश्न त्या दिवसापासून कुणी विचारला नाही. पहिली कोण असते, ते आता सगळ्यांना माहीत आहे.

चढताना प्रत्येकाच्या खांद्यावर घोंगडी असते. ओट्याच्या दहा पुरुष खाली, जिथं हौसा थांबली होती, तिथं प्रत्येक जण घटकाभर कपाळ दगडाला टेकतो. तिथला दगड आता गुळगुळीत झाला आहे. आणि आम्ही वाघोळ्याची माणसं? आम्ही सगळ्यांत शेवटी चढतो, बोडक्या डोक्यानं. टोपी नाही, फेटा नाही, मुंडासं नाही. आमदार झालेला आमच्या गावचा माणूससुद्धा कड्याखाली टोपी काढून खिशात घालतो. परक्याला वाटतं ही शिक्षा आहे. आम्हाला विचाराल तर आम्ही हा मान कुणाला देणार नाही.

आमच्यात एकाच्या कमरेला धुपाटणं असतं. तेच पितळी, एका बाजूला चेपलेलं. ते रिकामं न्यायचं, कपारीच्या तोंडाशी ठेवायचं आणि म्हणायचं, “ठमाई, इस्तू न्हाई आनला गं.” मग सगळे गप्प बसून ऐकतात. हुंकार आला की उठायचं.

ते धुपाटणं आमच्या घरात असतं. सुभानजी पाटील माझ्या पणज्याचे आजे. गेली एकवीस वर्षं ते मीच वर नेतो. आणि इतका वेळ मी तुम्हाला ‘असं म्हणतात, असं म्हणतात’ करत आलो, पण आता सांगतो ते कुणी म्हटलेलं नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. धुपाटणं मी पुसून, कोरडं करून ठेवतो. उचलतो तेव्हा त्याच्या तळाशी मधाचा एक थेंब असतो. दर वर्षी एकच. तो चाखायचा नाही. पळसाच्या पानावर घेऊन, पानाची पुडी दातांत धरून, बोडक्या डोक्यानं तीस पुरुष खाली आणायचा. खाली बारा गावांतल्या बाया वर्ष भरलेली पोरं घेऊन रांगेत उभ्या असतात. बोटाच्या टोकानं एकेकाच्या जिभेला लावायचा. सगळ्यांना पुरतो.

गेल्या वर्षी त्या रांगेत माझी नात होती. तिला दोन दात आले होते.